घामाचा कौल

देवीच्या कपाळावर चिकटवलेली ओली पाकळी पडायला तयार नाही, आणि सगळं गाव श्वास धरून उभं आहे.

विद्यापीठाच्या फळ्यावर कागद: निवड चाचणी सोमवारी. प्रत्येकाने स्वतःचा ड्रेस आणावा.

एक वासरू पिवळ्या पट्ट्याने बांधलेलं आहे. त्याला त्याचं काही वाटत नाही.

येसूकाकी कुणाच्या तरी सदऱ्याचा वास घेते, डोळे मिटते, मान हलवते. "ह्यात राग न्हाई."

शिसवाळीत एकाही सदऱ्याला बटन उरलेलं नाही.

गणपती गावकार खळ्यावर उताणा पडलाय आणि आभाळ किती लांब आहे ते पहिल्यांदाच नीट बघतोय.

हे सगळं झालं ते नेत्राने धुणं एक दिवस लांबवलं म्हणून.

*

नेत्रा ही शिसवाळीच्या नागूची थोरली. रामनगरहून आत, कॅसलरॉकच्या बाजूला रानात शिरणारी जी वाट आहे तिच्या शेवटाला शिसवाळी. तिथून नेत्रा बेळगावला एम. कॉम. करायला गेली आणि ज्युदो करू लागली. का, ते सोपं होतं. हॉस्टेलच्या मेसशेजारच्या हॉलमध्ये धपाधप आवाज येत होते, ती दारात उभी राहून बघत होती, आणि प्रशिक्षक प्रज्योत सर म्हणाले, "भीती वाटत असेल तर दार लावून घे." नेत्राने दार लावून घेतलं. आतून.

ज्युदोत आधी पडायला शिकवतात. हनुवटी छातीला लावायची, पाठ गोल करायची, जमिनीला हाताने सपकन थाप मारायची, की लागत नाही. नेत्रा हे इतकं झकास शिकली की तिथेच घोटाळा झाला. जो तो सरावाला तिलाच मागू लागला. कोणीही फेकावं आणि नेत्राने सुरेख पडावं. सोनिया नावाची एक उंच, ताठ मुलगी होती, ती तर रोज मनसोक्त आपटायची आणि वर म्हणायची, "नेत्राला टाकायला काय मस्त वाटतं." सर नव्या मुलींना सांगायचे, "पडावं तर नेत्रासारखं." हे कौतुक नेत्राला सोनियाच्या फेकीपेक्षा जास्त लागायचं. आख्ख्या सहामाहीत तिने एकालाही पाडलं नव्हतं.

आणि आता सोमवारी निवड. सरांनी आडपडदा ठेवला नाही. संघात आलीस तर खेळशील, नाही आलीस तर पुढच्या सहामाहीत संघाच्या सरावाला मदत करशील. मदत म्हणजे काय, ते नेत्राच्या पाठीला ठाऊक होतं. तिने ठरवलं, एकदा तरी कुणालातरी पाठीवर झोपवायचं. जमलं तर सोनियाला.

तिचा ड्रेस एका सीनियरने जाताना दिलेला होता. गोधडीसारखा जाड पांढरा कोट, तसलीच विजार, आणि पिवळा पट्टा. हॉस्टेलच्या बादलीत तो कोट बुडायचाच नाही, वर तरंगत राहायचा. म्हणून बुधवारी सुट्टीला घरी येताना तिने तो तसाच, महिन्याभराच्या घामासकट, पिशवीत कोंबून आणला. आई, सुमन, म्हणाली की आत्ताच भिजत घाल. नेत्रा बसमधून आंबून आलेली. उद्या, म्हणाली, आणि ड्रेस गोठ्याच्या वईवर, काटक्यांच्या कुंपणावर, टाकून झोपून गेली.

*

नागू तिन्हीसांजेला शेतातून आला तो वैतागलेला. आदल्या दिवशी रानडुकरं खालच्या वाफ्यात शिरून भातात लोळली होती. खाल्लं त्याच्या दुप्पट चिरडलं. चार दिवसांत कापणी. बुजगावणं करायचं तर त्याला कपडा हवा, आणि रानाकडेच्या माणसांना हे पक्कं माहीत असतं की बुजगावण्याला रूप नसलं तरी चालतं, वास पाहिजे. डुक्कर डोळ्याने नाही, नाकाने भितं.

वईवर कोट होता. नागूने तो उचलला, नाकाला लावला आणि दोन पावलं मागे सरला. मग उलटसुलट करून पाहिला. बटनं नव्हती. काजंही नव्हती. दोन्ही बाजू ओढून बघितल्या तर छातीवर नीट बसेनात. शिंप्याने अर्धवट सोडलेला, पोरीने टाकून दिलेला माल, असा त्याने हिशेब केला. बिनबटनाचा कोट कोण वापरतं? तो कोट त्याने खालच्या वाफ्यात बांबूच्या फुलीवर चढवला, विजार खाली लटकवली, पट्टा कमरेला आवळला आणि निवांत जेवला.

सकाळी नेत्रा वईपाशी उभी राहून आईला विचारत होती, आणि सुमन मांजराला दोष देत होती, तेवढ्यात नागू हसतच आला. डुकरं आली नव्हती. वईवरचा कोट बुजगावण्याला चढवल्यापासून एक लोंबी हलली नव्हती, म्हणाला.

"अप्पा, त्यो माझा ज्युदोचा ड्रेस हाय."

"बटनं कुठायत त्याची?"

"नसत्यात त्याला."

"मग लावत्यात कसा?"

"पट्टा बांधायचा वरनं."

नागूने विचार केला. "म्हंजे बटनं तुटली म्हनून पट्टा बांधला, व्हय?"

नेत्रा तोवर शेताकडे निघाली होती. नागूही मागोमाग निघाला; तो माणूस वाईट नव्हता, चूक कळली की दुरुस्त करणारा होता. पण शिसवाळीत नागूला चूक कळायच्या आधी गावाला बातमी कळते.

*

वाफ्यात येसूकाकी आधीच हजर. तिचं शेत नागूच्या बांधाला लागून. चार दिवस डुकरं तिच्याकडे जेवत होती. काल आली नाहीत. तिने विजार काढून आपल्या टोकाला रोवलेल्या काठीवर चढवली होती. पट्टा वासराच्या गळ्यात गेला होता, कारण त्याचं दावं तुटलं होतं आणि पट्टा मजबूत होता.

नेत्रा कोटाला हात घालणार तोवर पलीकडच्या बांधावरून आणखी लोक आले. प्रत्येकाच्या शेतात डुकरं येत होती, आणि काल कुणाच्याच आली नव्हती. प्रत्येकाचं म्हणणं एकच, की आज कोट आपल्याकडे हवा. आवाज चढले. कुणी म्हणालं एकेक बाही वाटून घ्या. मग गणपती गावकार आला आणि सगळे गप्प झाले.

गावकार म्हणजे गावाचा मानकरी. गणपती अंगानेही तसाच होता, वारुळासारखा खाली रुंद. बोलायचा कमी, आणि बोलायचा त्यातलं बहुतेक 'न्हाई' असायचं. तो म्हणाला, भांडायचं न्हाई, देवीला कौल लावू.

कौल म्हणजे देवीच्या कपाळावर पाण्यात भिजवलेली पाकळी चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. उजवीकडे पडली तर होय, डावीकडे पडली तर नाही. गावकाराने विचारलं, हा पांढरा कोट सुगी आवरेपर्यंत गावाच्या राखणीला मधल्या बांधावर ठेवावा का. पाकळी हात काढायच्या आत उजवीकडे पडली. इतक्या झटकन कौल मिळाल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

सुगी आवरायला अजून आठ-दहा दिवस. सोमवार चार दिवसांवर.

"देवीला ज्युदो ठाऊक न्हाई," नेत्रा म्हणाली.

सुमनने तोंडावर हात ठेवला. गावकार म्हणाला की कौल मिळाल्यावर तो त्यालासुद्धा मोडता येत नाही. आणि ते खरं होतं. शिसवाळीत एकदा एकाने कौलाबाहेर जाऊन फणसाचं झाड तोडलं होतं, त्याच्याकडे अजून कुणी फणस मागायला जात नाही.

नेत्रा टेकाडावर गेली, जिथे फोनला रेंज मिळते, आणि सरांना फोन लावला. "सर, माझा ड्रेस आणता येणार नाही असं दिसतंय. ड्रेसशिवाय खेळलं तर चालेल का?"

"नाही चालणार," सर म्हणाले. वारा फिरला आणि रेंज गेली.

*

दुपारी ती सगळ्यांच्या देखत मधल्या बांधावर जाऊन कोटाखाली उभी राहिली. चोरून न्यायचा असता तर तिला जमलं असतं. पण चोरून नेलेल्या कोटात सोनियासमोर उभं राहायचं तिच्या मनाला पटेना. लोक जमले. गावकार आला.

"गावकार, डुकरं कोटाला भित्यात का वासाला?"

"वासाला."

"वास कुनाचा?"

गावकार जरा अडखळला. परक्याच्या लेकीच्या घामाबद्दल चारचौघांत काय बोलायचं. "तुझाच की गे."

"मग वास मी देते. समद्यांनी आपापलं सदरं आना. माझा घाम लावून देते. एकाच्या जागी धा बुजगावनी हुतील, परत्येकाच्या शेतात एक. मग माझा कोट मला द्या."

बांधावर कुजबुज झाली. एकजण म्हणाला, घामच हवा तर आम्ही काय कमी गाळतो, आमचेच सदरे लावा की. त्याला येसूकाकीने तिथल्या तिथे गप्प केलं. "तुमच्या घामाची डुकरांस्नी सवय झालीया. तुमचा वास आला की त्यास्नी वाटतं, पान वाढलं."

हे सगळ्यांना पटलं. पण कौल? नेत्रा म्हणाली, पुन्हा लावा, मीच विचारते.

पुन्हा पाकळी चिकटवली. नेत्राने प्रश्न विचारला, आणि पाकळी जागची हलेना. पाणी ओघळलं, वाळलं. दुपार कलली. गोठ्यांतून म्हशी ओरडू लागल्या. गावकार म्हणाला की आता हा नकारच समजावा.

"डावीकडं पडली न्हाई," नेत्रा म्हणाली. "मग नकार कसा? मी थांबते."

ती हाताची घडी घालून देवीकडे बघत उभी राहिली. देवीही बघत होती. दोघींपैकी कुणी पापणी हलवली नाही. बाकीच्यांना घरी जायचं होतं, पण आधी कोण निघणार? मग मागून कुणीतरी दणकून शिंकलं आणि पाकळी उजवीकडे पडली. शिंक नागूची होती असं काही लोकांचं म्हणणं आहे. नागूला त्या दिवशी सर्दी नव्हती. पण पाकळी उजवीकडे पडली, हे सगळ्यांनी पाहिलं.

*

पहिला सदरा घालून नेत्रा पळायला गेली. डांबरी रस्त्यापर्यंत आणि परत, चढ धरून, थांबायचं नाव नाही. आली तेव्हा सदरा पिळला असता तर तांब्या भरला असता. येसूकाकीने तो नाकाला लावला. गावात तिच्या नाकाला मान होता. दूध नासायच्या आधी ती सांगायची.

"ह्यात राग न्हाई."

"घाम हाय न्हवं?"

"हाय. पन ह्यो पळनाऱ्याचा घाम. डुकरं म्हनतील, ही तर आपल्यालाच भिऊन पळाली." तिने मधल्या बांधाकडे बोट केलं. "त्या कोटात कुनाचा तरी गळा धरल्याचा वास येतोय."

नेत्राला नाही म्हणता येईना. कोटातला घाम सोनियाखाली जिरलेला होता.

"मग लढाय लागंल," ती म्हणाली.

"लढ की."

"एकटीनं कसं लढू? घाम मी देते. अंग तुमी द्या."

यावर पुरुषमाणसांना एकदम कामं आठवली. कुणाची मोट बांधायची राहिली, कुणाची विळ्याला धार. पोरीच्या हातून पडायचं आणि तेही गावासमोर, याला कौल कुणी मागितला होता? खळ्यावर पेंढा पसरून नेत्रा एकटीच उभी राहिली. तेव्हा येसूकाकीने लुगडं खोचलं आणि ती पेंढ्यावर चढली.

"मला टाक."

नेत्रा म्हणाली आधी पडायला शिका. तिने हनुवटी, पाठ, थाप सगळं दाखवलं. येसूकाकी पडली, थाप मारली, उठून बसली. केसांत पेंढा. "येवढंच? ह्येला बेळगावला जाय लागतं?" आणि पुन्हा पडली. तिला ते आवडलं होतं. थोड्या वेळाने ती बोलावल्याशिवायच पडू लागली, आणि तिच्या थापेचा आवाज गावभर घुमू लागला.

येसूकाकी पडते म्हटल्यावर कामं आपोआप संपली. शुक्रवारी सकाळपासून खळ्यावर रांग. ज्याचा सदरा तो नेत्राच्या अंगावर, आणि तोच माणूस दुसरा सदरा घालून समोर लढायला. ज्युदोत गळपट्टी आणि बाही धरून झोंबायचं असतं. पहिल्याच झटापटीत बटन उडालं, मग दुसरं. सुमन खळ्याच्या कडेने वाटी घेऊन बटनं गोळा करत फिरत होती. वाटी भरली तेव्हा नागूने आत डोकावून पाहिलं, मग मधल्या बांधावरच्या कोटाकडे पाहिलं, आणि म्हणाला, "आत्ता कळलं."

सदरे मात्र एकामागून एक पास होऊ लागले. येसूकाकी नाक लावायची, क्षणभर थांबायची, म्हणायची, "हाय. ह्यात हाय." आणि तो सदरा वाफ्यात रवाना व्हायचा.

गावाचं काम होत होतं. नेत्राचं होत नव्हतं. चिखलात जन्म काढलेले पाय होते ते. ती पायाला आकडा घालायची, ओढायची, घाम गाळायची. समोरचा माणूस शिसवाच्या खुंटासारखा उभा, आणि वर चौकशी करायचा की बेळगावात जेवण कसं असतं. शनिवारी दुपारपर्यंत तिने निम्म्या गावाशी झोंबून घेतलं आणि एकालाही पाडलं नाही. नागूची पाळी आली तेव्हा तो तिचा हात लागायच्या आत स्वतःच पेंढ्यावर आडवा झाला.

"अप्पा, उठा."

"पडलो की गे मी."

"मी पाडलं न्हाई तुमास्नी. उठा म्हनते."

नागू उठला. नेत्राने त्याचा सदरा आपल्या अंगातून ओढून काढला आणि त्याच्या हातात दिला. लेकीचे डोळे बघून त्याने तो येसूकाकीकडे नेलाच नाही. त्यात काय काय असेल ते त्याला नाकाशिवाय कळत होतं.

*

राहिला गावकार. त्याची अट होती की त्याचा सदरा पास झाला की कोट उतरेल, आधी नाही. तो पेंढ्यावर आला आणि रुतून उभा राहिला. नेत्राने त्याचा सदरा चढवला. त्यात आणखी दोघी मावल्या असत्या.

तिने ओढलं. ढकललं. बाजूने गेली. गावकार हलला नाही. सूर्य डोंगराला टेकायला आला. उद्या दुपारी रामनगरहून बस. बघणाऱ्यांतले काही जांभया देऊ लागले.

"दमलीस?" गावकाराने विचारलं.

"न्हाई. तुमी दमला?"

"न्हाई," गावकार म्हणाला, आणि नेत्राच्या हाताला काहीतरी लागलं. तिच्या मुठीत त्याची गळपट्टी होती, आणि 'न्हाई' म्हणताना ती गळपट्टी वर उचलली गेली होती. हनुवटी वर, छाती पुढे, सगळा भार मागे टाचेवर. जन्मभर हा माणूस असाच नाही म्हणत आला होता.

तिने खात्री करून घ्यायला विचारलं, "कोट आत्ताच काढू?"

"न्हाई."

पुन्हा तेच. भार टाचेवर. पण अजून थोडा हवा होता. सर रोज घसा फोडून सांगायचे की समोरच्याला ढकलू नका, तो जिकडे निघालाय तिकडेच त्याला पोचवा. हॉलमध्ये ते वाक्य कानावरून जायचं. इथे ते मुठीत आलं.

"गावकार, एक इचारू?"

"इचार."

"पुढच्या वर्सापासनं गावकारकी येसूकाकीला देताय न्हवं?"

गावकाराने तोंड उघडलं. हा नकार त्याच्या आजवरच्या सगळ्या नकारांचा बाप होता. तो पोटातून निघाला, छातीत भरला, आणि गणपती गावकाराच्या पायाची बोटं पेंढ्यावरून उचलली गेली. नेत्राचा पाय त्याच्या पायामागे गेला. ती फक्त त्याच्याबरोबर पुढे झाली.

धप्प.

'न्हाई'मधला 'न्हा' वर राहिला आणि 'ई' खाली आली.

खळ्यावर गावकार उताणा. पण पडताना त्याने हनुवटी छातीला लावली होती आणि हाताने जमिनीला कडक थाप मारली होती. दोन दिवस तो लांबून बघत होता, शिकत नव्हता असं नाही. बराच वेळ तो आभाळाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सदरा बघ."

येसूकाकीने नेत्राची बाही नाकाला लावली. पुन्हा लावली. "ह्यात राग हाय. आनि खुशी बी हाय." ती विचारात पडली. "डुकरं गोंधळतील. पन चालंल."

"मला गावकारकी नको बरं," ती गावकाराला हात देत म्हणाली. "मला पडायलाच बरं वाटतं."

*

कोट उतरला, पण त्याची दशा झाली होती. दव, धूळ, कावळे, आणि वर तो मूळचा ऐवज. विजारीला शेण. पट्ट्याचं एक टोक वासराने खाल्लेलं. धुवावा तर इतका जाड कपडा रविवारी दुपारपर्यंत वाळला नसता, आणि ओला ड्रेस चालत नाही. नेत्राने तो तसाच खताच्या रिकाम्या पोत्यात बांधला. रामनगरला बसमध्ये तिला खिडकीची जागा मिळाली, मग शेजारची, मग पुढची रांगही. कंडक्टरने पोत्यात काय आहे विचारलं. कपडे, ती म्हणाली. त्याने तिकीट लांबूनच दिलं.

सोमवारी हॉलमध्ये खेळाआधी ड्रेस तपासत होते. तपासणाऱ्या बाईंनी नेत्राची बाही मोजायला हात पुढे केला, तो मागे घेतला, आणि सांगितलं की हा ड्रेस मॅटवर येणार नाही.

"का नाही?"

"वास."

"नियमात वास आहे?"

नियमात वास होता. ड्रेस स्वच्छ, कोरडा आणि दुर्गंधीरहित असावा. बाईंनी पुस्तक उघडून दाखवलं. नेत्रा म्हणाली की या ड्रेससाठी तिने देवीला उभं करून ठेवलं, गावकार आडवा केला; ती यातच खेळणार. बाई म्हणाल्या, हॉलबाहेर खेळ. मागच्या मुली नाकाला रुमाल लावून हसत होत्या. सोनिया सगळ्यांत पुढे होती.

तेवढ्यात प्रज्योत सर आले, सगळं ऐकलं, आणि भिंतीतलं कपाट उघडलं. आत धुतलेल्या, घडी केलेल्या ज्युदो ड्रेसची चळत होती.

नेत्रा चळतीकडे बघत राहिली.

"सर, हे इथे होते?"

"नेहमी असतात. कुणाचा फाटला तर."

"मी फोन केला होता तुम्हाला."

"हो. तू विचारलंस, ड्रेसशिवाय चालेल का. नाहीच चालत." सरांना यात काही चुकल्यासारखं वाटत नव्हतं. "दुसरा मिळेल का, असं कुठे विचारलंस?"

नेत्राने वरचा ड्रेस उचलला. तो मऊ होता, त्याला साबणाचा वास येत होता, आणि आत राग घालायला भरपूर जागा होती.

चिठ्ठ्या पडल्या. समोर सोनिया. मॅटवर आल्यावर सोनिया हळूच म्हणाली, "घाबरू नकोस, सांभाळून टाकते." आणि नेहमीसारखी उभी राहिली, उंच, ताठ, हनुवटी वर. सहामाहीभर नेत्राने ही हनुवटी खालून, मॅटवर पडूनच बघितली होती. आज पहिल्यांदा तिने सोनियाच्या टाचा बघितल्या.

सोनियाने तिला टाकायला जवळ ओढलं. नेत्रा आली नाही. सोनियाला हे इतकं नवं होतं की ती अंग मागे झोकून आणखी ओढू लागली. गावकार निदान शिसवासारखा होता. ही सरळ वाढलेली सुपारी. नेत्राचा पाय मागे गेला आणि ती सोनिया निघाली होती तिकडेच तिच्याबरोबर गेली.

पंचांचा हात वर गेला. पूर्ण गुण. खेळ संपला.

सोनिया मॅटवर तशीच पडून होती, हात कुठे, पाय कुठे. तिला काही लागलं नव्हतं, पण पडायचं कसं हे तिला येतच नव्हतं. कधी वेळच आली नव्हती. नेत्राने वाकून तिला हात दिला.

"हनुवटी छातीला लावायची," ती म्हणाली. "पुढच्या सहामाहीत शिकवते. मदत म्हणून."

*

संध्याकाळी नेत्राने घरी फोन लावला. टेकाडावर नागू आधीच येऊन बसला होता. नेत्राने सांगितलं की संघात नाव आलं. नागू म्हणाला बरं झालं, आणि खरी बातमी सांगायला लागला. डुकरं अजून आली नव्हती. आजूबाजूच्या गावांतून माणसं सदरे घेऊन चौकशीला आली होती. गावकार सगळ्यांना सांगत होता की त्याने पडून दाखवलं, पोरीचं मन राखायला. पण येसूकाकीने त्याला खळ्यावर एकटाच थाप मारताना बघितलं होतं. आणि येसूकाकीचं म्हणणं होतं की सदऱ्यांचा वास उतरू लागलाय, पोरगी पुन्हा कधी येते ते विचार.

"येते की," नेत्रा म्हणाली. "पन आता अंग बी मीच निवडनार. त्यास्नी सांगा, रांगेत उभं ऱ्हा."

नेत्राने ड्रेस गावी आणला त्याच बुधवारी सकाळी, ती अजून बेळगावच्या स्टँडवर बसची वाट बघत असताना, एक वाघीण दोन बछड्यांना घेऊन शिसवाळीचा ओढा ओलांडून गेली आणि डुकरांचा सगळा कळप डोंगरापलीकडे उतरला. वनखात्याने झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यात तिचा फोटो आहे.